पहिल्या महायुद्धातली पितळी तंबाखूची डबी: कुणाच्या घरी आहे का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी,

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या फौजी घरांत अधूनमधून एक पितळी डबी निघते. साधारण ५ इंच लांब, सव्वातीन इंच रुंद, सव्वा इंच खोल. झाकण बिजागरीचं, कोपरे गोलसर. घरच्यांना एवढंच माहीत असतं की "पणजोबांना साहेबाने दिली". बहुतेक घरांत तिच्यात सुया-बटणं नाहीतर जुने पैसे असतात. ही डबी नेमकी काय आहे ते लिहावं आणि कुणाकडे असेल तर तिची नोंद करावी, म्हणून हा धागा.

झाकणावर मधोमध एका तरुण मुलीचा बाजूने दिसणारा चेहरा आहे. ती पंचम जॉर्जची मुलगी, राजकन्या मेरी. चेहऱ्याभोवती पानांचं वेटोळं, दोन्ही बाजूंना तिच्या नावातलं 'एम' हे अक्षर. वरच्या कडेला 'इम्पीरियम ब्रिटानिकम' (लॅटिनमध्ये 'ब्रिटिश साम्राज्य') आणि त्याच्या एका अंगाला तलवार, दुसऱ्या अंगाला म्यान. खालच्या कडेला 'ख्रिसमस १९१४', आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी लाटा कापत येणारी लढाऊ गलबतं, फक्त नाळेकडचा भाग दिसतो. चार कोपऱ्यांत बेल्जियम, जपान, माँटेनेग्रो, सर्बिया. डाव्या-उजव्या कडांना फ्रान्स आणि रशिया, मागे गुंडाळलेली निशाणं. एवढ्याशा झाकणावर त्या वेळची अख्खी दोस्त आघाडी बसवली आहे. झाकणाचा आराखडा काढला होता ॲडशेड आणि रॅम्झी या दोन वास्तुरचनाकारांनी, आणि ते झाकण बघताना जाणवतं. एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागासारखी त्याची मांडणी आहे.

१९१४ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांच्या मेरीच्या नावाने लोकांना आवाहन झालं, की आघाडीवरच्या प्रत्येक सैनिकाला आणि खलाशाला नाताळची भेट पाठवू. १,६२,००० पौंडांच्या वर रक्कम जमली. त्या नाताळच्या दिवसापर्यंत साडेतीन लाखांहून जास्त डब्या पोचल्याही. मग हक्कदारांची यादी वाढत गेली आणि शेवटी आकडा २५ लाखांच्या पुढे गेला. पितळ तर दारूगोळ्यालाही लागत होतं, त्यामुळे तुटवडा पडला. अमेरिकेहून मागवलेल्या पितळेच्या पट्ट्यांपैकी काही माल 'लुसिटानिया' जहाजावर होता. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ते बुडवलं, त्याबरोबर तो मालही गेला.

आता आपल्याशी जोडणारा भाग. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौजेच्या लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन फ्रान्समधल्या मार्सेलिस बंदरात उतरायला लागल्या. लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या (फौजेतल्या इंजिनिअरांच्या पलटणीच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. या पलटणीत शीख आणि मुसलमानांबरोबर मराठे होते. २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावाच्या गल्ल्यांमध्ये ४७ व्या शीख पलटणीच्या खांद्याला खांदा लावून हे लोक लढले, आणि फार माणसं गमावली. जे उरले, त्यांच्या हातात दोन महिन्यांनी ही डबी आली.

कुणाच्या घरी असेल तर कृपया लिहा. फोटो डकवता आला तर उत्तमच.

---

माणगंगा

वाचता वाचता उठून कपाट उघडलं! आमच्याकडे आहे. सासूबाईंच्या सासूबाई तिच्यात मिसरी ठेवायच्या. आतल्या बाजूला अजून काळा थर आहे आणि झाकण उघडलं की वास येतो. बाईचं तोंड जवळजवळ झिजून गेलंय, पण खालची जहाजं बोटाला लागतात. आम्ही आजवर ते मासे समजत होतो. आमचे जे फौजी होते ते कुठल्या पलटणीत, हे घरात कुणालाच माहीत नाही. 'बसऱ्याला गेले होते' एवढंच सगळे म्हणतात.

दिवाळीला घासायला काढते दरवर्षी. आता फोटोसाठी परत घासू का?

---

कासारआळी

ताई, नका घासू! हात जोडून सांगतो.

तीन पिढ्या पितळेतच गेल्या आमच्या, म्हणून थोडं लिहितो. ही डबी पातळ पत्र्यावर ठसा मारून केलेली आहे. ओतीव नाही. म्हणजे जी उठावदार नक्षी दिसते तिथेही पत्रा तेवढाच पातळ. समई घासल्यासारखी दर दिवाळीला घासली, की सगळ्यात उंच भाग आधी जातो. त्या झाकणावर सगळ्यात उंच काय, तर चेहरा. तुमचं झाकण नेमकं तसंच झिजलंय.

दुसरं म्हणजे चिंच, लिंबू, आमसूल, बाजारातली पावडर, काहीही आंबट लावू नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने वरचं जस्त निघून जातं आणि पृष्ठभागावर तांबूस-गुलाबी डाग राहतात. पुष्कळांना वाटतं आता स्वच्छ झालं. प्रत्यक्षात धातूच गेलेला असतो.

काय करावं: मऊ कोरड्या ब्रशने कोपऱ्यातली धूळ काढा, सुती फडक्याने हलकं पुसा, बस. काळपटपणा राहू द्या, तो धातूचं रक्षणच करतो. हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र वेगळी गोष्ट, ती पसरत जाते. ती लाकडी काडीने अलगद काढून डबी कोरड्या जागी ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवू नये. कोकणात असाल तर मुळीच नको. आत दमट हवा कोंडते. बिजागरीत खोबरेल तेल घालायचा मोह होतो, तोही आवरा. तेल धूळ धरतं आणि पुढे चिकट हिरवं होतं.

आणि आतला मिसरीचा थर काढू नका असं माझं मत. तुमच्या घरात ती डबी कशी वापरली गेली, त्याचा तो पुरावा आहे.

---

पारदर्शी

माहिती चांगली आहे, पण मला एक टोचतंय. ज्यांनी आपल्या माणसांना परक्यांच्या लढाईत चिखलात मरायला पाठवलं, त्यांनी दिलेल्या डबीचं एवढं कौतुक का करायचं? झाकणावर बेल्जियम आहे, जपान आहे, माँटेनेग्रोसारखा टीचभर देशही आहे. हिंदुस्थान कुठे आहे? या युद्धात दहा लाखांवर माणसं देशाबाहेर पाठवली आपण.

---

घाटमाथा

पारदर्शी, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि हिंदुस्थानचं नाव नाही हे मलाही बोचतं. आपण 'इम्पीरियम ब्रिटानिकम' या दोन शब्दांत जमा होतो, वेगळं नाव द्यायची त्यांना गरज वाटली नाही.

पण कौतुक राजकन्येचं नाही. त्या लढाईत गेलेल्या साध्या शिपायाची फार थोडी खूण घरात उरते. त्याला पत्र लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं पत्र सेन्सॉर वाचायचा. त्याचा फोटो क्वचितच काढला गेला. गणवेश सरकारजमा. पेन्शनच्या पुस्तकाला वाळवी लागली. उरली ती ही डबी, कारण ती पितळेची होती आणि उपयोगाची होती. ती टाकून दिली तर त्या माणसाचा शेवटचा धागाही सुटतो. म्हणून जपायची.

---

दप्तरदार

फार चांगला धागा. थोडी भर घालतो. डबी सगळ्यांना सारखीच असली तरी आतलं सामान सारखं नव्हतं, आणि त्यातून त्या फौजेचा स्वभाव फार स्पष्ट दिसतो.

विडी-सिगरेट ओढणाऱ्या गोऱ्या सैनिकाला: एक पाइप, एक औंस तंबाखू, २० सिगरेटी, चकमकीचा लायटर, राजकन्येचा फोटो आणि शुभेच्छापत्र. न ओढणाऱ्याला तंबाखूऐवजी आंबटगोड गोळ्या, आणि खाकी पाकिटात कागद, लिफाफे, पेन्सिल. परिचारिकांना चॉकलेट. लायटर कमी पडले तेव्हा खलाशांना बंदुकीच्या काडतुसाच्या आकाराची पेन्सिल दिली. पितळी काडतूस, त्यातून गोळीसारखं टोपण ओढून काढायचं, ते उलटं बसवलं की पेन्सिल तयार. तंबाखूच्या डबीत काडतूस, आणि काडतुसात पेन्सिल! ही पेन्सिल आता फार दुर्मीळ. कुणाच्या डबीत एखादं 'रिकामं काडतूस' पडलं असेल तर नीट बघा, टोपणावर 'एम' आणि मुकुट आहे का.

आता आपल्याकडचे. गुरख्यांना गोऱ्या सैनिकांसारखंच सगळं. शिखांना तंबाखू वर्ज्य, म्हणून खडीसाखर, मसाल्याची छोटी डबी आणि शुभेच्छापत्र. बाकीच्या सगळ्या हिंदी पलटणींना सिगरेटी, खडीसाखर, मसाल्याची डबी, शुभेच्छापत्र. आपले मराठे या शेवटच्या गटात. आणि पखालीने पाणी वाहणारे भिस्ती वगैरे जे लोक फौजेबरोबर होते, त्यांना मसाल्याची डबी आणि शुभेच्छापत्र. बस. त्यांच्यासाठी तंबाखूही नाही, खडीसाखरही नाही.

भेटी पाठवणाऱ्या समितीने धर्माचा विचार केला, त्याबद्दल त्यांना श्रेय द्यायलाच हवं. शिखाच्या हातात सिगरेट ठेवली नाही. पण त्याच यादीत भिस्त्याला सर्वांत खाली ठेवलं. गोळ्यांच्या वर्षावात खंदकापर्यंत पाणी नेणारा माणूस, आणि खडीसाखरेचा तुकडाही त्याच्या वाट्याला नाही. मला ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

---

ऱ्हाइनकाठ

+१. वाचनखूण साठवली.

मी जर्मनीत राहते, थोडं इकडचं लिहिते. अवांतर वाटलं तर सांगा. लढाई आणि तंबाखूची डबी यांची सांगड १९१४ ची नाही, त्याआधी दीडशे वर्षांपासूनची आहे. वेस्टफालियात इझरलोन नावाचं गाव आहे, तार आणि पितळकामासाठी जुनं. तिथे अठराव्या शतकात लांबट डब्या बनायच्या, झाकण आणि तळ पितळेचे नि बाजू तांब्याच्या, किंवा उलट. त्यातला मोठा कारागीर योहान हाइनरिश गीझे. १७५६ ते १७६३ च्या सप्तवार्षिक युद्धात प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिश जी जी लढाई जिंकेल ती झाकणावर यायची. रॉसबाख आणि लॉयथेन, दोन्ही १७५७ च्या, पहिली ५ नोव्हेंबरची आणि दुसरी बरोबर महिन्याने, ५ डिसेंबरची. मधोमध राजा, बाजूला घोडदळाच्या रांगा, तोफांचा धूर, वर फडकत्या पट्टीवर लढाईचं नाव. अशी एक डबी संग्रहालयात अगदी जवळून बघता आली. नखाएवढ्या जागेत बारा-पंधरा घोडे, आणि प्रत्येकाची मान वेगळी वळलेली. ज्या घरी वर्तमानपत्र पोचत नव्हतं तिथे ही डबी पोचत होती.

मेरीच्या डबीत आणि या डब्यांत मला मोठा फरक हा वाटतो की इझरलोनची डबी माणूस स्वतः पैसे देऊन घ्यायचा. ज्याला राजाचं कौतुक होतं तो तशी घ्यायचा. पुष्कळांवर बायबलमधले प्रसंग नाहीतर शेतीची चित्रंही आहेत. मेरीची डबी मात्र वरून आली, सगळ्यांना एकच.

फ्रीडरिश स्वतः तपकिरीचा भारी शौकीन. १२ ऑगस्ट १७५९ ला कुनर्सडॉर्फला त्याचा दारुण पराभव झाला, आणि त्या दिवशी एक गोळी त्याच्या खिशातल्या तपकिरीच्या डबीवर आदळून थांबली. ती चेपलेली डबी होहेनत्सोलर्न किल्ल्यात ठेवलेली आहे. इकडे येणाऱ्यांनी जरूर बघावी.

---

घाटमाथा

ऱ्हाइनकाठ, अजिबात अवांतर नाही. इझरलोनच्या डब्यांवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. आपल्या तांबटआळीतल्या ठोक्याच्या कामाशी ताडून बघता येईल, कासारआळी त्यात भर घालतील.

---

कोयनाकाठ

माणगंगा ताई, तुम्ही 'बसऱ्याला' म्हणालात म्हणून लिहितो.

आमच्या भागातले बहुतेक जण फ्रान्सला नव्हे, मेसोपोटेमियालाच (आजच्या इराकमध्ये) गेले. सहावी पूना डिव्हिजन १९१४ च्या नोव्हेंबरात शत-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव या ठिकाणी उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतलं. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. पुढे नदीच्या काठाने बगदादकडे गेल्या, बगदादच्या अलीकडे टेसिफोनहून मागे फिरल्या आणि कुत या नदीकाठच्या गावात अडकल्या. वेढा डिसेंबर १९१५ पासून. २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांपुढे शरणागती. घोडे-खेचरं खाऊन दिवस काढले. जे कैद झाले त्यातले पुष्कळ वाळवंटातल्या त्या चालीतच गेले.

डबीचा हक्क या लोकांनाही होता. वाटपासाठी गट पाडले होते, त्यात फ्रान्स सोडून देशाबाहेर असलेल्या सगळ्या हिंदी पलटणी दुसऱ्या गटात धरल्या होत्या. फक्त त्यांना नाताळात मिळाली नाही, १९१५ साल उजाडल्यावर वाटप सुरू झालं. त्यामुळे त्यांच्या शुभेच्छापत्रावर ख्रिसमसचा उल्लेख नाही, नुसतं 'विजयी नववर्षासाठी शुभेच्छा'. डबीवर मात्र सगळ्यांच्या 'ख्रिसमस १९१४' च. म्हणून केवळ झाकणावरून 'आमचे पणजोबा १९१४ ला फ्रान्समध्ये होते' असा निष्कर्ष काढू नये. आणखी एक. नंतरच्या डब्यांना पितळ पुरेना म्हणून हलक्या मिश्रधातूवर मुलामा देऊन भागवलं. मुलामा उडून खाली करडा धातू दिसत असेल तर ती बहुधा उशिराची.

डबीवर नाव नसतं. कुणाचंच नाही. नाव शोधायचं तर मेडल शोधा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या स्टारवर ती मागच्या बाजूला. भिस्ती, खेचरवाले अशा लोकांना ब्रिटिश वॉर मेडल चांदीऐवजी काशाचं मिळालं. चांदीची मेडलं घरोघर सोनाराकडे गेली, आमच्याकडचंही गेलं. काशाची राहिली, कारण त्यांना मोल नव्हतं. सासूबाईंच्या माहेरी-सासरी, भावकीत विचारून बघा.

---

पारदर्शी

कोयनाकाठ, काशाच्या मेडलचं माहीत नव्हतं. डबीतही शेवटचे आणि मेडलमध्येही शेवटचे. घाटमाथा, मी वर जे लिहिलं त्यावर ठाम आहे, पण नोंद व्हायला हवी हे पटलं. भिस्त्यांची तर आधी.

---

टपालपेटी

आमच्या ओळखीत एकाकडे अशी डबी आहे आणि जुन्या वस्तू घेणारा एक जण मागे लागलाय. म्हणतो लाखात जाईल. खरं का?

---

दप्तरदार

लाखात वगैरे काही नाही. २५ लाखांच्या वर बनलेली वस्तू आहे, आणि पुष्कळ टिकल्या आहेत. रिकामी डबी दुर्मीळ नाही. सिगरेटी, तंबाखू, पत्र, फोटो असं सगळं न उघडलेलं असेल तर गोष्ट वेगळी. पण मसाल्याच्या डबीसकट, खडीसाखरेच्या पुड्यासकट राहिलेली हिंदी शिपायाची भेट मी अजून कुठे पाहिलेली नाही. तशी कुणाकडे निघाली तर ती विकू नये, संग्रहालयाला दाखवावी. आणि नक्षी बोथट, बिजागरी नवी, आत झळाळी अशी डबी कुणी 'अस्सल' म्हणून विकत असेल तर जपून. प्रतिकृतीही पुष्कळ आहेत.

विकणं हा त्यांचा हक्क आहे, पण आधी फोटो काढून माणसाचं नाव-गाव लिहून ठेवायला सांगा. एकदा विकली की ती 'महायुद्धातली एक डबी' होते, अमक्या गावच्या अमक्याची राहत नाही.

माणगंगा, तुमचे ते गृहस्थ परत आले होते का? नसतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतं. नाव, पलटण किंवा नंबर टाकायचा. इंग्रजी स्पेलिंग मोकळेपणाने बदलून बघा. साहेबाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, आडनाव बहुधा नसतंच, नाव आणि वडिलांचं नाव असतं. पुष्कळ नोंदींत गाव आणि जिल्हाही सापडतो. फ्रान्समध्ये गेलेल्यांची नावं न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत, ४,७०० हून अधिक, दगडात कोरलेली. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र गोऱ्या शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. नावं वेगळ्या नोंदवहीत. त्यामुळे दगडाच्या फोटोत शोधू नका, नोंदीत शोधा.

---

माणगंगा

परत आले होते. पेन्शनही खाल्ली म्हणे. घासत नाही आता, तशीच ठेवलीय फडक्यात. चुलत सासऱ्यांना फोन केला तर ते म्हणाले त्यांच्याकडे एक 'काळं मेडल' आहे, पोरं खेळायची त्याच्याशी. रविवारी जाऊन कड बघते.

---

कोयनाकाठ

काळं म्हणजे काशाचंही असू शकतं, न घासलेली चांदीही काळीच दिसते. कडेवरची अक्षरं दिसली नाहीत तर भिंगाखाली तिरपा उजेड टाका. नंबर पूर्ण उतरवून घ्या. नावं सारखी असतात, नंबर पलटणीत एकाचाच.

आणि जाताय तर गावच्या चावडीजवळ, शाळेच्या भिंतीत, देवळाशेजारी संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यापैकी इतके कामी आले' अशी. साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत आहेत. अपशिंगे तर त्यासाठी नावाजलेलंच. पुष्कळ पाट्या रंगाखाली गेल्यात. त्यावर नावं नसतात, पण आकडा असतो, आणि शोध कुठवर न्यायचा ते त्यावरून कळतं.

---

घाटमाथा

मंडळी, मनापासून आभार. ज्यांच्याकडे डबी आहे त्यांनी फोटो टाकताना एवढं करावं: झाकण समोरून, झाकण तिरप्या उजेडात, बिजागरी, तळ, आणि आतली बाजू जशी आहे तशी. त्याखाली गाव, तालुका, शिपायाचं नाव माहीत असेल तेवढं, आणि डबी घरात कशासाठी वापरली गेली तेही लिहा. मिसरी, सुया, जपमाळ, काहीही असो. फोन नंबर, पत्ता मात्र इथे उघड टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मी सगळं एका तक्त्यात लावत जातो. पहिली नोंद माणगंगा यांची: तालुका माण, डबी एक, चेहरा झिजलेला, जहाजं शाबूत, मिसरीसाठी वापर, शिपाई मेसोपोटेमियातून परतलेला, पलटण रविवारनंतर.